अमेरिकेत घरातील अडगळ आणि राडारोडा हलवताना: डम्पस्टर भाड्याने कसा घ्यावा, जंक रिमूव्हलवाल्यांना केव्हा बोलवावे

अमेरिकेत स्वतःचे घर घेतलेल्या माणसावर पहिल्या काही वर्षांतच असा प्रसंग येतो, की नेहमीच्या कचऱ्याच्या डब्यात मावणार नाही इतका माल एकदम घराबाहेर काढावा लागतो. जुन्या मालकाने तळघरात सोडलेले सोफे असतात, उखडलेल्या बाथरूमच्या फरशा असतात, नाहीतर छप्पर बदलताना निघालेली शिंगल्स, म्हणजे छपरावर बसवलेल्या डांबरी पट्ट्या, असतात. दर आठवड्याला येणारी नगरपालिकेची गाडी बांधकामाचा राडारोडा सहसा उचलत नाही आणि तो रस्त्याच्या कडेला ठेवून दिला तर दंडाची नोटीस येऊ शकते. अशा वेळी दोन मार्ग उरतात. एक म्हणजे रोल-ऑफ डम्पस्टर, म्हणजे वरून उघडा असलेला मोठा लोखंडी कंटेनर. ट्रक तो दारात ठेवून जातो, आपण तो भरतो आणि ठरलेल्या दिवशी ट्रक येऊन घेऊन जातो. दुसरा म्हणजे जंक रिमूव्हल, ज्यात दोन-तीन माणसे रिकामा ट्रक घेऊन येतात, घरातून वस्तू उचलतात आणि घेऊन जातात.

कोणता मार्ग निवडावा हे बहुतेक जण केवळ दराची तुलना करून ठरवतात आणि तेथेच फसतात, कारण दोन्हीकडे पैसे वेगवेगळ्या गोष्टींचे मोजावे लागतात. डम्पस्टरमध्ये आपण कंटेनरचा आकार, तो दारात राहणारे दिवस आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आतल्या मालाचे वजन यांचे पैसे देतो; भरण्याची मेहनत आपली असते. जंक रिमूव्हलमध्ये त्यांच्या ट्रकमधली किती जागा आपल्या मालाने व्यापली याचे आणि उचलणाऱ्यांच्या मजुरीचे पैसे लागतात. म्हणून विटा, फरशा, शिंगल्स, लाकूड असा जड माल असेल आणि काम आठवडाभर रेंगाळणार असेल तर डम्पस्टर परवडतो. दुसऱ्या मजल्यावरचा पलंग, दोन गाद्या आणि एक मोडका ट्रेडमिल एवढेच काढायचे असेल तर डम्पस्टर मागवणे म्हणजे पैशांचा चुराडा आहे.

आधी माल कमी करा

फोन उचलण्यापूर्वी चार-आठ दिवस माल कमी करण्यात घालवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. टाउनशिपच्या किंवा शहराच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या संकेतस्थळावर मोठ्या वस्तू उचलण्याचे वेळापत्रक असते. काही गावांत ही सेवा ठरावीक महिन्यांत मोफत मिळते, तर काही ठिकाणी आधी नोंदणी करून प्रत्येक वस्तूमागे थोडे शुल्क भरावे लागते. कित्येक काउंट्यांच्या (म्हणजे येथील जिल्ह्यांच्या) ट्रान्स्फर स्टेशनवर, म्हणजे कचरा गोळा करून पुढे पाठवण्याच्या केंद्रावर, रहिवाशाला स्वतःच्या गाडीतून माल नेऊन वजनाप्रमाणे पैसे भरता येतात.

धड अवस्थेतील फर्निचर, दारे, किचन कॅबिनेट, दिवे, न वापरलेल्या फरशा या वस्तू हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेची रीस्टोअर दुकाने घेतात आणि अनेक ठिकाणी त्यांची गाडी घरी येऊन नेते. त्यासाठी तारीख मात्र बरीच आधी घ्यावी लागते. कपडे आणि भांडी गुडविल किंवा साल्व्हेशन आर्मी या सेवाभावी संस्थांकडे देता येतात. भारतात भंगारवाला दारात येऊन तराजू लावतो आणि पैसे आपल्याच हातावर ठेवतो, तशी सोय येथे नाही. पण तांब्याचे पाइप, पितळी नळ, अॅल्युमिनियमच्या चौकटी स्वतः स्क्रॅप यार्डात नेल्या तर वजनाप्रमाणे पैसे मिळतात. शिवाय प्रत्येक मोठ्या शहरात मराठी मंडळाचे आणि भारतीय कुटुंबांचे व्हॉट्सअॅप गट असतात. नुकतेच आलेले विद्यार्थी आणि नवी जोडपी जेवणाचे टेबल किंवा पलंग आनंदाने घेऊन जातात, आणि वस्तू सत्कारणी लागते ते वेगळेच.

अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच देतो. संकुलातील सामायिक डम्पस्टरच्या शेजारी सोफा ठेवून देणे हा उपाय नव्हे. व्यवस्थापन कॅमेऱ्यात पाहून त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापू शकते. भारतात परत जाताना शेवटच्या आठवड्यात घर रिकामे करायचे असेल, तर जंक रिमूव्हलची वेळ दोन आठवडे आधीच घेऊन ठेवावी, कारण महिनाअखेरीस सर्वांचीच घरे बदलत असतात.

वजनाचा हिशेब

डम्पस्टरचे आकार घन यार्डांत सांगितले जातात. एक घन यार्ड म्हणजे २७ घनफूट, साधारण पाऊण घनमीटर. घरगुती कामासाठी १०, १५, २० आणि ३० यार्डांचे कंटेनर मिळतात; ४० यार्डांचा सहसा मोठ्या बांधकामांवर दिसतो. कंपनीनुसार मापे थोडी बदलतात, पण १० यार्डांचा कंटेनर सुमारे १२ फूट लांब आणि ८ फूट रुंद असतो, तर २० यार्डांचा सुमारे २२ फूट लांब आणि साडेचार फूट उंच असतो. ३० यार्डांच्या कंटेनरची लांबी जवळपास तीच, फक्त भिंती सहा फुटांच्या.

दरपत्रकात आकारासोबत वजनाची मर्यादा दिलेली असते; लहान कंटेनरला बहुधा दोन टन, २० यार्डांना तीन टन, असे काहीसे. येथील टन २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा आहे, हे ध्यानात ठेवावे. कंटेनर नेल्यावर ट्रकचे काट्यावर वजन होते आणि मर्यादेच्या वर गेलेल्या प्रत्येक टनाचे वेगळे पैसे कार्डावर लागतात. बिल फुगते ते बहुतेक वेळा येथेच.

छपराचे उदाहरण घेऊ. शिंगल्स ‘स्क्वेअर’मध्ये मोजतात; एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट छप्पर. जुन्या साध्या डांबरी शिंगल्सचा एक स्क्वेअर दोनशे ते अडीचशे पौंडांचा भरतो. २० स्क्वेअरच्या छपरातून अडीचशेच्या हिशेबाने ५,००० पौंड, म्हणजे अडीच टन माल निघतो आणि जुन्या छपरावरच दुसरा थर चढवलेला असेल तर हाच आकडा दुप्पट होतो. दिसायला हा माल कंटेनरच्या तळाशी पसरलेला असतो, वर ढीगभर जागा रिकामी असते, आणि त्या रिकाम्या जागेला भुलून माणूस त्यात तळघरातले सामानही टाकत सुटतो. जागा उरली म्हणजे वजन उरले असे नव्हे.

काँक्रीट, माती, विटा यांचे तर वेगळेच प्रकरण आहे. एक घन यार्ड भरीव काँक्रीट ४,००० पौंडांच्या आसपास भरते आणि त्याच आकारमानाची माती २,००० पौंडांहून जड, पाऊस पडून गेल्यावर आणखीच जड. त्यामुळे असा माल २० किंवा ३० यार्डांच्या कंटेनरमध्ये काठोकाठ भरू देत नाहीत. भरला तर ट्रकला तो कायद्याच्या मर्यादेत राहून रस्त्यावर नेताच येत नाही आणि चालक तो दारात तसाच सोडून निघून जातो. अशा मालासाठी १० यार्डांचा वेगळा कंटेनर मागावा आणि त्यात फक्त तेच टाकावे. निर्भेळ काँक्रीट फोडून पुन्हा वापरता येते म्हणून त्याचा दर अनेकदा कमी असतो. त्यात लाकूड किंवा प्लास्टिक मिसळले की ती सवलत गेली.

एका बाथरूमच्या तोडफोडीला १० यार्ड सहसा पुरतात. जुना बिडाचा टब मात्र एकटाच तीनशे पौंडांच्या आसपास भरतो, हे विसरू नये. संपूर्ण तळघर किंवा गराज रिकामे करायला १५ किंवा २० यार्डांचा कंटेनर घ्यावा. दोन आकारांमध्ये मन घुटमळत असेल आणि माल हलका असेल तर मोठा घ्यावा, कारण दुसरा कंटेनर मागवण्याचा खर्च दोन आकारांमधील फरकापेक्षा बराच जास्त असतो.

जागा आणि परवानगी

कंटेनर स्वतःच्या ड्राइव्ह-वेवर, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतच्या गाडीच्या वाटेवर, ठेवणार असाल तर बहुतेक गावांत परवाना लागत नाही. रस्त्यावर ठेवायचा असेल तर जवळजवळ सर्वत्र लागतो आणि तो शहराकडून घ्यावा लागतो. परवाना कंपनी काढणार की आपण, हे फोनवरच विचारून घ्यावे. रस्त्यावरील कंटेनरला रात्री दिसतील असे परावर्तक किंवा अडथळे लावण्याची अटही असू शकते. एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, असलेल्या वसाहतीत ड्राइव्ह-वेवर किती दिवस कंटेनर चालतो याचे स्वतंत्र नियम असतात. व्यवस्थापनाला आधी ई-मेल करून लेखी होकार मिळवावा, तोंडी होकारावर विसंबू नये.

ट्रकला सरळ रेषेत सुमारे ६० फूट लांब जागा आणि वर २३ ते २५ फूट मोकळी उंची लागते, कारण कंटेनर उतरवताना ट्रकचा सांगाडा तिरपा वर उचलला जातो. वीज किंवा केबलच्या तारा, झाडाच्या फांद्या आणि गराजच्या छपराची पुढे आलेली कड एकदा मान वर करून पाहून घ्यावी.

फोनवर काय विचारावे

इंटरनेटवर शोधल्यावर सर्वांत वर दिसणारी अनेक नावे प्रत्यक्षात दलालांची असतात. त्यांच्याकडे एकही ट्रक नसतो. आपली मागणी घेऊन ते ती स्थानिक कंपनीला देतात आणि मधला फरक ठेवतात. त्यात बेकायदेशीर काही नाही, पण सकाळी ट्रक आला नाही तर दलाल आणि ट्रकवाला एकमेकांकडे बोट दाखवतात आणि आपण फोन लावत बसतो. म्हणून पहिलाच प्रश्न असा असावा, की ट्रक तुमचा स्वतःचा आहे का आणि तुमचे ट्रक आणि कंटेनर ठेवण्याचे आवार कोणत्या गावात आहे. सरळ उत्तर मिळाले नाही तर पुढच्या नंबराकडे वळावे.

त्यानंतर भाड्यात किती दिवस धरले आहेत (बहुधा सात ते चौदा असतात), वजनमर्यादा किती टन, जादा टनाचा दर किती, जादा दिवसाचा दर किती, इंधन किंवा पर्यावरणाच्या नावाखाली वेगळा आकार लावतात का, हे सर्व विचारावे. ट्रक येऊनही जागा अडलेली असल्याने कंटेनर ठेवता किंवा उचलता आला नाही, तर फुकटच्या फेरीचा भुर्दंड किती, हाही प्रश्न आवर्जून विचारावा. उत्तरे ई-मेलने लेखी मागावीत. दर प्रदेशानुसार फार बदलतात, पण घरगुती आकाराच्या कंटेनरला सर्व धरून काहीशे डॉलर लागतील हे गृहीत धरावे. निदान तीन ठिकाणी चौकशी केल्याखेरीज कार्डाचा नंबर देऊ नये.

काही राज्यांत कचरा वाहून नेणाऱ्या धंद्याला स्वतंत्र परवाना लागतो. न्यू जर्सीत, जेथे मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे, व्यावसायिक तत्त्वावर घनकचरा वाहून नेणाऱ्याला राज्याच्या पर्यावरण खात्याचा ए-९०१ परवाना असावा लागतो. न्यूयॉर्क शहरात व्यापारी आणि बांधकामाचा कचरा वाहणाऱ्यांवर बिझनेस इंटेग्रिटी कमिशन या शहराच्या संस्थेचे नियंत्रण आहे. परवाना क्रमांक मागितल्यावर समोरचा चाचरला तर समजून जावे.

कंटेनर येतो त्या दिवशी

आदल्या रात्रीच गाड्या रस्त्यावर काढून ठेवाव्यात. शक्यतो स्वतः घरी थांबावे. ट्रक मागे घेत ड्राइव्ह-वेत येतो, चालक हायड्रॉलिकच्या जोरावर सांगाडा तिरपा करतो आणि केबल सैल सोडत कंटेनर मागे सरकू देतो. कंटेनरची मागची लोखंडी चाके जमिनीला टेकतात तो क्षण ड्राइव्ह-वेच्या दृष्टीने सर्वांत वाईट असतो, कारण त्या दोन बारीक चाकांवर सगळा भार येतो आणि उन्हाने मऊ झालेल्या डांबरात चर पडतो. त्यासाठी चाके जेथे टेकतील तेथे जाड फळ्या किंवा प्लायवुडचे तुकडे आधीच आंथरून ठेवावेत. काही चालक स्वतःच्या फळ्या घेऊन येतात, पण त्यावर भरवसा ठेवू नये. करारात बहुधा ड्राइव्ह-वेच्या नुकसानीची जबाबदारी कंपनी नाकारते. ट्रक येण्यापूर्वी ड्राइव्ह-वेचे दोन-चार फोटो काढून ठेवावेत.

ट्रक मागे घेत आल्यामुळे कंटेनरचे दार घराच्या बाजूला येते. हे दार कंटेनरच्या रुंदीचे, म्हणजे सात-आठ फुटांचे असते आणि ते एका बाजूला बिजागरीवर पूर्ण उघडते. कंटेनर गराजला खेटून ठेवला तर दार उघडतच नाही आणि मग प्रत्येक वस्तू चार-साडेचार फूट उंच भिंतीवरून आत फेकावी लागते. निदान दहा फूट जागा सोडायला चालकाला सांगावे. त्याच्या दृष्टीने हे एका मिनिटाचे काम आहे.

भरताना

दार उघडून चालत आत जावे आणि जड वस्तू तळाशी, सर्वत्र सारख्या पसरून ठेवाव्यात; एकाच टोकाला भार साचला तर उचलताना कंटेनर कलतो. दारे, प्लायवुड, ड्रायवॉलचे (भिंतींना लावतात त्या जिप्समचे) तक्ते आडवे ठेवावेत, कपाटे मोडून सपाट करावीत आणि उरलेल्या फटींमध्ये सुटा माल भरावा. नीट रचलेल्या कंटेनरमध्ये फेकून भरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त माल बसतो. वरच्या काठाच्या वर काहीही येता कामा नये, कारण रस्त्यावर नेताना त्यावर ताडपत्री ओढावी लागते. वर डोकावणारी एक फळीसुद्धा चालकाला नकार द्यायला पुरेशी आहे.

रात्री आणि पावसात कंटेनर झाकून ठेवावा. भिजलेले कार्पेट आणि ड्रायवॉल वजनात भर घालतात आणि ते पाण्याचे वजन आपल्याच बिलात येते. कडाक्याच्या थंडीत ओला माल तळाला गोठून बसतो आणि कंटेनर रिकामा करताना सुटत नाही, हाही अनुभव उत्तरेकडील राज्यांत येतो. झाकण्याचे आणखी एक कारण सांगायला थोडा संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे: उघडा कंटेनर दिसला की शेजारपाजारची गादी रात्रीतून त्यात येऊन पडते.

काय टाकता येत नाही

ओला रंग, थिनर, इंजिन ऑइल, कीटकनाशके, प्रोपेनच्या टाक्या, टायर, गाडीच्या आणि लिथियमच्या बॅटऱ्या कुठेही चालत नाहीत. लिथियमची बॅटरी चिरडली गेली तर ट्रकमध्येच आग लागू शकते, म्हणून जुन्या ड्रिल मशिनमधली बॅटरी काढून घेतल्याशिवाय ते टाकू नये. अशा वस्तूंसाठी बहुतेक काउंट्या वर्षातून काही दिवस घरगुती घातक कचऱ्याचे संकलन ठेवतात. उरलेला रंग कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, कनेक्टिकट यांसारख्या राज्यांत पेंटकेअर योजनेखाली ठरावीक रंगाच्या दुकानांत परत देता येतो.

फ्रिज आणि एअर कंडिशनर मोडीत काढण्यापूर्वी त्यातील वायू काढून घेणे संघीय कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ते एकतर नाकारतात किंवा वेगळे पैसे घेतात. चालू अवस्थेतला जुना फ्रिज असेल तर आधी वीज कंपनीकडे चौकशी करावी. काही कंपन्या तो घरून नेतात आणि वर थोडी रक्कमही देतात. टीव्ही, संगणक आणि मॉनिटर न्यू जर्सीत २०११ पासून कचऱ्यात टाकण्यास बंदी आहे. गाद्यांबाबत मॅसॅच्युसेट्सने १ नोव्हेंबर २०२२ पासून अशीच बंदी घातली, तर कॅलिफोर्निया, कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि ऑरेगन या राज्यांत गादी विकत घेतानाच पुनर्वापराचे शुल्क घेतले जाते आणि जुनी गादी ठरलेल्या केंद्रावर मोफत देता येते.

घर जुने असेल तर येथे थांबून विचार करावा. १९७८ पूर्वीच्या घरांत शिसेयुक्त रंग असू शकतो, आणि साधारण १९८० पूर्वीच्या घरांतील नऊ इंची चौकोनी फरश्या, पाइपांवरची पांढरी गुंडाळी किंवा छताचा खरबरीत थर यांत अॅस्बेस्टॉस असू शकते. असा माल हातोडा घालून फोडणे आणि डम्पस्टरमध्ये टाकणे दोन्ही धोक्याचे आहे. नमुना प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा खर्च फार नसतो, आणि तो होईपर्यंत तोडफोड सुरू करू नये.

जंक रिमूव्हलवाल्यांना बोलावताना

या धंद्यात १-८००-गॉट-जंकसारख्या देशभर पसरलेल्या फ्रँचायझीही आहेत आणि एक ट्रक, दोन भाऊ अशी स्थानिक मंडळीही आहेत. दर बहुधा ट्रकच्या भागावर असतो: आठवा हिस्सा, पाव, अर्धा, पूर्ण. त्याखाली एक किमान रक्कम ठरलेली असते, म्हणजे एकच खुर्ची न्यायची असली तरी तेवढे द्यावेच लागतात. मालाचे फोटो पाठवून आधी अंदाज घ्यावा, पण अंतिम आकडा ते प्रत्यक्ष पाहूनच सांगतात. तो पटला नाही तर उचलायला हात लावण्यापूर्वी नाही म्हणण्याचा पूर्ण अधिकार आपल्याला आहे. माणसे दारात आली आहेत म्हणून भीड बाळगण्याचे कारण नाही. स्थानिक मंडळींशी थोडी घासाघीसही चालते.

जिने चढण्याचे, वस्तू सुटी करण्याचे, टाकण्याच्या शुल्काचे आणि गादी-फ्रिजचे पैसे आकड्यात धरले आहेत का, हे विचारावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विम्याचे प्रमाणपत्र मागावे, ज्यात कामगारांच्या दुखापतीचाही समावेश असेल. तुमच्या जिन्यावरून पियानो उतरवताना कोणाचा पाय मोडला तर विमा नसलेल्या माणसाचा दावा तुमच्या दारात येऊ शकतो.

रस्त्यात दिसणाऱ्या फलकावरील सर्वांत स्वस्त नंबराला भुलू नये. रोख पैसे घेऊन माल जंगलाच्या कडेला ओतून जाणारे लोक असतात, आणि त्या ढिगात तुमच्या नावाचे टपालाचे पाकीट सापडले की पोलीस आधी तुमच्याकडे येतात. त्यामुळे नावपत्ता असलेले प्रत्येक कागद आधीच फाडून वेगळे करावेत, पैसे कार्डाने द्यावेत आणि माल कोणत्या केंद्रावर उतरवला याची पावती मागावी. टिप देण्याची सक्ती नाही. जड काम घाम गाळून केले असेल तर प्रत्येकी दहा-वीस डॉलर देण्याची पद्धत आहे.

उचलून नेल्यानंतर

डम्पस्टर ठरलेल्या दिवशी आपोआप उचलला जाईल असे मानू नये. भरून झाला की स्वतः फोन करून तारीख घ्यावी आणि त्या दिवशी कंटेनरच्या रस्त्याकडील बाजूसमोर गाडी लावू नये. कंटेनर हलताच ड्राइव्ह-वे झाडून खिळे वेचावेत, चुंबक फिरवल्यास उत्तम, आणि पुन्हा फोटो काढावेत. जादा वजनाचा आकार कार्डावर काही दिवसांनी लागतो. तो दिसल्यास काट्याची छापील पावती मागून घ्यावी. तिच्यावर भरलेल्या आणि रिकाम्या ट्रकचे वजन, तारीख आणि केंद्राचे नाव असते. पावती द्यायला कंपनी टाळाटाळ करत असेल तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे लेखी तक्रार करता येते आणि फोनच्या दिवशी मागून घेतलेला दरपत्रकाचा ई-मेल तेव्हा उपयोगी पडतो.